निळ्या रेषेवरचा स्वोबोदा

"तू हॉकी खेळायचास?" हातातला कॉफीचा मग खाली ठेवत फोरमनकाकांनी विचारलं.

त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण मी मनातल्या मनात त्यांना फोरमनकाकाच म्हणायचो. पिकलेल्या मिशा, मोठा आवाज, आणि माझ्यासारखंच मोडकंतोडकं इंग्रजी. मित्रांनो, ही गोष्ट २००८ सालातली. नोकरीच्या कामासाठी मला दोन महिने चेक प्रजासत्ताकात, उत्तर बोहेमियातल्या एका कारखान्यात राहावं लागलं होतं. बाहेर बर्फ, आत यंत्रांची घरघर. जेवणाच्या सुट्टीत बोलायला विषय हवा, म्हणून मी सहज सांगून टाकलं होतं, की शाळेत असताना मी हॉकीच्या संघात होतो.

"हो, पुण्यात," मी म्हणालो.

"पुण्यात बर्फ पडतो?"

आता घोटाळा माझ्या लक्षात आला. चेक माणसाला नुसतं 'हॉकी' म्हटलं, की बर्फावरचीच हॉकी आठवते. गवतावर किंवा मुरमाड मैदानावर, उन्हात खेळायची हॉकी त्याच्या डोक्यातही येत नाही. मी हातवारे करून सगळं समजावलं. काका पोट धरून हसले. मग म्हणाले, "बरं, खेळायचास कुठं? पुढे की मागे?"

"मागे. फुलबॅक."

"म्हणजे स्वोबोदासारखा!" त्यांनी टेबलावर थाप मारली.

हा स्वोबोदा कोण, हे मला ठाऊक नव्हतं. पण एखाद्या देशात बचावपटूचं नाव असं पटकन कुणाच्या तोंडी येतं, याचंच मला नवल वाटलं. कारण आमच्या शाळेत फुलबॅकला कोण विचारायचं? एकदा आम्ही एक सामना एक-शून्यनं जिंकलो. गोल करणाऱ्या मुलाचं नाव खडूनं मोठ्या अक्षरात फळ्यावर लागलं, त्याला पेढ्याचा अख्खा पुडा मिळाला. आम्ही दोघं फुलबॅक गुडघे फोडून घेऊन मागे उभे. शून्य हा आकडा आम्ही राखला होता, पण शून्याचं कुणी कौतुक करतं का?

बर्फावरच्या हॉकीत एका वेळी सहा जण उतरतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. चेंडूच्या जागी कडक रबराची काळी चकती असते, तिला 'पक' म्हणतात. वजन साधारण १७० ग्रॅम, आणि सामन्याआधी ती चक्क गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही. जोरात मारलेली चकती ताशी दीडशे किलोमीटरनं सुटते. खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो आणि धापा टाकत बाकावर येतो, की लगेच दुसरा उतरतो. बचावपटूचं काम त्यातही अवघड. समोरचा वाऱ्यासारखा अंगावर येत असतो आणि याला त्याच्याकडे तोंड करून, स्केट्सवर उलटं मागे मागे घसरत जायचं असतं. उलटं धावून पाहा एकदा, म्हणजे कळेल!

आपला संघ हल्ला करत असला, की दोन्ही बचावपटू मैदानावर आखलेल्या निळ्या रेषेपाशी थांबतात. चकती बाहेर निसटू द्यायची नाही, आणि मिळालीच तर तिथूनच, लांबून फटका हाणायचा. ही निळी रेषा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या रविवारी काकांनी मला स्वोबोदाचं गाव दाखवायला नेलं. गावाचं नाव मोस्त. पेत्र स्वोबोदा १९६६ साली इथं जन्मला. पण गाव पाहायला गेलो आणि गाव जागेवरच नाही! जमिनीखाली कोळसा होता, म्हणून सरकारनं जुनं मोस्त पाडून टाकलं आणि शेजारी नवं वसवलं. वाचलं ते एक जुनं, मोठं चर्च. तेही कसं? १९७५ साली ते अख्खं चर्च रुळांवर चढवून ८४१ मीटर सरकवत नेलं. जवळजवळ चार आठवडे ते मुंगीच्या पावलानं चाललं होतं. मी त्या चर्चच्या भिंतीला हात लावून पाहिला. छोटा पेत्र तेव्हा नऊ वर्षांचा होता. ज्याच्या गावातलं चर्चसुद्धा चालत गेलं, त्यानं घर सोडलं यात नवल ते काय, असा एक वेडा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मोस्तहून ट्रामनं लिट्विनोवला गेलो. इथल्या संघात पेत्र मोठ्या माणसांबरोबर खेळायला लागला, तेव्हा तो शाळकरी वयाचाच होता. अंगानं काटकुळा, पण स्केट्सवर चपळ. अठरा वर्षांचा झाला तेव्हा, १९८४ साली, चेकोस्लोव्हाकियाच्या ज्युनियर संघाबरोबर तो पश्चिम जर्मनीत स्पर्धेला गेला. संघ परत आला. पेत्र आला नाही.

आज हे वाचताना त्यात काय विशेष, असं वाटेल. तेव्हा मात्र तिथं कम्युनिस्ट राजवट होती. परवानगीशिवाय देश सोडून राहणं हा गुन्हा होता. परत आलं तर तुरुंग. म्हणजे पेत्रनं ते पाऊल उचललं, तेव्हा घरी पुन्हा कधी जाता येईल, येईल तरी की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याला टेनिसमुळे माहीत असलेली मार्टिना नवरातिलोवा, तीही याच देशाची. तिनंही १९७५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी असंच केलं होतं.

मी अठरा वर्षांचा असताना पुण्याहून नाशिकच्या हॉस्टेलवर गेलो होतो. एसटीनं पाच-सहा तास. दर रविवारी रात्री एसटीडी बूथवर रांग लावून आईशी बोलायचो, आणि तरी फोन ठेवला की घशात आवंढा यायचा. हे मी काकांना सांगितलं नाही. लाज वाटली.

त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला 'ड्राफ्ट' होता. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगमधले संघ तिथं नव्या पोरांची निवड करतात, ओळीनं, एकेक करून. मॉन्ट्रियलच्या संघानं पेत्रला शहरात आणून गुपचूप ठेवलं होतं. पाचव्या क्रमांकाला त्याचं नाव पुकारलं आणि तो खराच समोर आला, तेव्हा लोक चाट पडले. पुढे १९८६ साली मॉन्ट्रियलनं स्टॅन्ली कप जिंकला. मग बफेलो, फिलाडेल्फिया, टँपा बे. एकंदर १०२८ सामने. आणि गोल किती? ५८! म्हणजे सरासरी अठरा सामन्यांना एक. बाकी सगळा वेळ काय केलं? अडवलं.

इकडे १९८९ साली ती राजवट कोसळली. वाटा उघडल्या. पुढे चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. आणि १९९८ साली जपानमध्ये नागानोला हिवाळी ऑलिंपिक भरलं. (त्याच नागानोत भारताचा एकुलता एक खेळाडू होता मनालीचा सोळा वर्षांचा शिव केशवन. बर्फाच्या घसरगुंडीवर उताणं झोपून सुसाट सुटायचं, तो ल्यूज हा त्याचा खेळ.) एनएचएलनं त्या वर्षी पहिल्यांदाच आपले सामने थांबवून खेळाडूंना ऑलिंपिकला जाऊ दिलं. चेक संघाचे प्रशिक्षक होते इव्हान ह्लिंका, लिट्विनोवचेच. आज तिथल्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. त्यांच्या संघात स्वोबोदा होता.

चेक संघाला फार कुणी मोजत नव्हतं. त्यांनी अमेरिकेला ४-१ हरवलं. उपांत्य सामन्यात कॅनडाशी १-१ बरोबरी झाली, मग पेनल्टी फटके. चेक गोलरक्षक दोमिनिक हाशेकनं पाच जणांपैकी एकालाही गोल करू दिला नाही.

अंतिम सामना रशियाशी, २२ फेब्रुवारीला. गटातल्या सामन्यात रशियानंच त्यांना २-१ हरवलेलं. त्यांच्या पावेल बुरेनं उपांत्य सामन्यात एकट्यानं पाच गोल ठोकलेले. शिवाय चेक लोकांसाठी समोर रशिया असणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले होते. यारोमिर यागर हा त्यांचा सर्वांत नावाजलेला खेळाडू, पाठीवर ६८ आकडा घालायचा तो त्याच वर्षाच्या आठवणीसाठी.

"पहाट होती," ट्रामच्या खिडकीची वाफ हातानं पुसत काका सांगत होते. "रविवार असून सगळी इमारत जागी. प्रागमध्ये तर हजारो लोक चौकात, थंडीत, मोठ्या पडद्यासमोर उभे."

दोन डाव संपले, गोल नाही. तिसऱ्या डावातलं नववं मिनिट. चकती पातेरा आणि प्रोखाझ्का यांच्याकडून मागे आली, निळ्या रेषेकडे. तिथं कोण उभं असणार? स्वोबोदानं काठी उगारली आणि हाणली. मध्ये खेळाडूंची गर्दी. रशियन गोलरक्षकाला चकती नीट दिसेपर्यंत ती जाळ्यात होती. उरलेली जवळजवळ बारा मिनिटं पुन्हा नेहमीचं काम. अडवायचं. हाशेकनं काही सोडलं नाही. १-०. चेक प्रजासत्ताकाला हॉकीचं ऑलिंपिक सुवर्ण.

"आमच्या भाषेत 'स्वोबोदा'चा अर्थ ठाऊक आहे?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. "स्वातंत्र्य," ते म्हणाले, आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले.

मला एक प्रश्न विचारायचाच होता. "तो पळून गेला तेव्हा तुम्हाला राग नाही आला?"

"मी त्या वेळी सक्तीच्या लष्करात होतो. दोन वर्षं. आमच्या बराकीत त्याच्याबद्दल मोठ्यानं बोलायची सोय नव्हती." ते थांबले. "राग? नाही. हेवा वाटला. आणि त्याच्या आईचा विचार आला. माझी आई रोज माझ्या पत्राची वाट बघायची ना."

पुढे २०००-०१ च्या मोसमात डोक्याला मार लागून स्वोबोदाचा खेळ थांबला. नंतर तो खेळाडूंचे करार सांभाळणारा एजंट झाला. यागरचं कामही त्यानं पाहिलं. पण काकांना त्यात रस नव्हता. त्यांच्या लेखी तो अजून त्या निळ्या रेषेवरच उभा होता.

ट्राममधून उतरताना त्यांना एकदम काही तरी आठवलं.

"आणि तू? शाळेत किती गोल केलेस?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"एकही नाही!" काका खूश झाले, माझ्या पाठीत दणका घालून म्हणाले, "चल, आज सूप माझ्याकडून."