थांब्यांविना वाट

प्रवासाचे अंतर मैलांत मोजणे भूगोलाच्या पुस्तकास शोभते. संसारी माणूस ते मोजतो वाटेत किती ठिकाणी गाडी बदलावी लागते यावर. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी घरांना हे निराळे सांगावयास नको. मीटरगेजचे दिवस होते तोवर काचीगुड्याहून निघालेल्या माणसाला मुंबई दूर वाटे ती मनमाडमुळे. ट्रंका, वळकट्या आणि झोपेने पेंगुळलेली मुले उतरवून दुसऱ्या गाडीत जागा धरावयाची, हाच त्या प्रवासातला खरा घाट. पुढे रूळ रुंद झाले, मनमाडची बदली सरली आणि मुंबई होती तेथेच राहून जवळ आली.

आकाशातील वाटांचा इतिहासही असाच थांबे गळत जाण्याचा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले ते वाटेत अहमदाबादेस उतरून मुंबईस जुहूला आले. अहमदाबादेस त्या चिमुकल्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा हे त्याच्या वाटेवरचे मुक्काम होते. १९६० साली बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि त्याच वर्षी १४ मे रोजी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. कैरो, बैरूत, जिनिव्हा ही नावे त्या पिढीतील प्रवाशांच्या तोंडी अशी असत, जशी आपल्या आजोबांच्या तोंडी परभणी, जालना, औरंगाबाद.

त्या थांब्यांविषयी हळवे होऊन बोलण्याची रीत आहे. परंतु थांबा म्हणजे एक उतरण आणि एक चढण, आणि विमानाच्या प्रवासात जपावयाचे क्षण तेच. फ्रान्समधील शामोनी गावावर माँ ब्लाँ हा आल्प्सचा धवल पर्वत उभा आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे उतरू पाहणारे तेच 'मलबार प्रिन्सेस' या पर्वतावर आदळले आणि त्यातील ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ बैरूतहून जिनिव्हास उतरत असताना याच पर्वताने त्याचाही घास घेतला. त्या दिवशी ११७ माणसे गेली, आणि डॉ. होमी भाभा त्यांतच होते. पर्वताच्या अंगावरून बोसाँ नावाची हिमनदी हळूहळू खाली सरकते आणि पोटातील वस्तू एकेक करून परत देते. २०१२ साली तिने भारत सरकारच्या टपालाची एक थैली दिली. २०२० साली दिलेल्या भारतीय वर्तमानपत्रांवर इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याचा मथळा अजून वाचता येत होता. ती दोन्ही विमाने जिनिव्हास राहावयास चालली नव्हती. जिनिव्हा हा केवळ वाटेवरचा थांबा होता.

आता लांब पल्ल्याच्या विमानांनी हे थांबे ओलांडले आहेत. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने बोइंग ७७७-२०० एलआर हे नवे विमान मुंबई–न्यूयॉर्क या मार्गावर घातले आणि मधले लंडन सुटले. हे विमान पूर्ण भरून उडते तेव्हा त्याचे वजन सुमारे ३४७ टन भरते, आणि त्यातील दोन-पंचमांश भार केवळ इंधनाचा असू शकतो. म्हणजे पहिले काही तास विमान बव्हंशी पुढच्या तासांची शिदोरीच वाहत असते. २०२४ साली एअर इंडियाच्या सेवेत रुजू झालेल्या एअरबस ए ३५० च्या बांधणीत निम्म्याहून अधिक भाग कार्बन तंतूंच्या हलक्या मिश्र द्रव्याचा आहे. अंगचे वजन घटले की शिदोरीही कमी पुरते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ही विमाने दिल्ली–न्यूयॉर्क मार्गावर लावण्यात आली.

२०१७ च्या हिवाळ्यात आम्ही दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस अशाच एका विमानाने गेलो. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ही सेवा अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जाऊ लागली होती. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे जुन्या वाटेहून जवळजवळ १,४०० किलोमीटर लांब. तरीही वेळ कमी, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरील वारा पाठीशी असतो. लांबची वाट जवळची ठरावी, ही गंमत आम्हांला बसल्या जागी अनुभवता आली. मध्यरात्र उलटल्यावर निघालो. चीनवर उजाडले, जपानपाशी दुपार झाली आणि सहा-सात तासांतच महासागरावर दिवस मावळला. दुसरी रात्र संपता संपता उतरलो तो तारीख निघालो त्याच दिवसाची. पंधरा-सोळा तासांत पायाला परकी भूमी अशी लागलीच नाही.

आमच्या शेजारच्या आसनावर एक वृद्ध बाई होत्या. नातवाच्या जन्मासाठी एकट्या निघालेल्या. जवळच्या पिशवीत डिंकाचे लाडू. मराठीखेरीज त्यांना मोडकी हिंदी तेवढी येई. विमानतळावर चाकाची खुर्ची मागितली होती, पाय धड असतानाही. त्या म्हणाल्या, "पायांसाठी नव्हे हो, बोलण्यासाठी. खुर्ची ढकलणाऱ्याला तरी वाट ठाऊक असते." लांब पल्ल्याच्या विमानाचे महत्त्व आम्हांला या एका वाक्यात उमगले. परक्या विमानतळावर कोणत्या दरवाज्याकडे जावयाचे, हा प्रश्न तरुणांना क्षुल्लक वाटतो. एकट्या निघालेल्या आईसाठी मात्र सबंध प्रवासाचे भय त्या एका प्रश्नात साठलेले असते.

तथापि थांबे कायमचे गेले असे समजणे धाडसाचे ठरेल. ६ जून २०२३ रोजी याच वाटेवरील एका विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेस, ओखोत्स्क समुद्राकाठी, मगदान या गावी उतरले. एके काळी कोलीमाच्या छळछावण्यांकडे जाणाऱ्या कैद्यांना बोटीतून उतरवीत, ते हे बंदर. तेथे २१६ प्रवाशांची सोय शाळेत आणि वसतिगृहांत करावी लागली. दुसरे विमान येऊन ती माणसे ८ जूनला मार्गस्थ झाली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले. वळसा वाढला, शिदोरी पुरेना, आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नास उतरणे भाग पडले. यंत्राचा पल्ला कारखान्यात ठरतो, वाटेचा पल्ला शेजाऱ्यांच्या मर्जीवर.

आपल्या हैदराबादेसही याचा अनुभव आहे. जानेवारी २०२१ मध्ये येथून थेट शिकागोस विमान सुटू लागले, तेव्हा किती घरांत आनंद झाला! पुढे ती सेवा बंद पडली आणि पुन्हा दिल्ली, नाही तर आखाती देशांतील एखादे विमानतळ, वाटेत आले. म्हणून नवे विमान कोणत्या मार्गावर लागले ही वार्ता आम्ही व्यापाराच्या पानावरची मानीत नाही. ती घरातली वार्ता आहे. ज्यांची मुले समुद्रापार गेली, त्यांनी तिकीट काढताना चार पैशांच्या बचतीआधी एवढे पाहावे, की आईला वाटेत किती वेळा विमान बदलावे लागणार आहे. इंधनासाठी विमान उतरले तर ती जागेवर बसून जपमाळ ओढील. बदली असेल तर मात्र तिच्याबरोबर कोणीतरी असावे.