सडा, खाजन आणि गिअरचे दात

'ग्रॅव्हल बाइक' म्हणजे रेसच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल असलेली, पण जाड टायरांची, डांबर सोडून कच्च्या वाटेला लागणारी सायकल. ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेतल्या कॅन्सससारख्या सपाट मुलखात शेतांमधून मैलोन्‌मैल खडीचे रस्ते जातात. अशा रस्त्यांवर ही सायकल वाढली. त्यामुळे तिच्याबरोबर येणारे सगळे शहाणपणही तिकडच्या खडीचेच असते.

आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत खडी म्हणजे नेमके काय, हे एका शब्दात सांगताच येणार नाही. मोप्याच्या बाजूला गेलात तर सडा. वर उघडा जांभा दगड, पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि उन्हाळ्यात तव्यासारखा ताप. तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या काठी खाजनांचे बांध, म्हणजे एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेत आणि मधे चिकणमातीची अरुंद वाट. तिळारीच्या कालव्याच्या काठाने जाणारी मुरमाची वाट आणखी वेगळी. हरमल-केरीकडे वळलात तर माडांखालची रेती. आणि डिचोलीत शिरलात की तांबडी धूळ! २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२२ च्या लिलावानंतर डिचोलीची खाण परत सुरू झाली. या सगळ्या काळात ट्रकांनी दाबून ठेवलेल्या त्या लाल मातीने आपला रंग काही सोडला नाही. (खाणीच्या हद्दीतले रस्ते खाजगी असतात. तिथे परवानगीवाचून शिरू नये, हे सांगायला हवे.)

या सगळ्या वाटांमधला एक समान धागा म्हणजे चढ. आपले चढ लांब नाहीत. मळ्यातून सड्यावर जायला कधी अर्धा किलोमीटर, कधी एक. पण ते उभे असतात. वळणावळणाने हळूहळू चढवणारा रस्ता बांधायचा धीर आपल्या वाडीवरच्या वाटांना कधी नव्हताच. गुरे ज्या वाटेने गेली, त्याच वाटेवर पुढे मुरूम पडला. म्हणून इथे सायकल घेताना रंग, वजन, कंपनी या गोष्टी नंतर. पहिला प्रश्न दातांचा. पुढच्या चकतीला किती दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला किती?

हिशोब अगदी सोपा आहे. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागायचे आणि चाकाच्या घेराने गुणायचे. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते. ४० मिलिमीटरच्या टायराचा घेर साधारण २.२ मीटर असतो.

आपल्या जुन्या काळ्या सायकलीचेच उदाहरण घेऊ. पुढे ४४, मागे १८. एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर. पदेर पहाटे भोंगा वाजवत पाव घेऊन फिरे तो याच एका गिअरवर, आणि सपाटीवर हा गिअर उत्तमच आहे. पण उभ्या चढावर माणसाचा वेग ताशी सात किलोमीटरवर येतो. त्या वेगाला या गिअरमध्ये पेडलचे मिनिटाला जेमतेम बावीस फेरे होतात. बावीस फेरे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर उभे राहणे! म्हणूनच आपली वडीलधारी माणसे चढ आला की निमूट खाली उतरत आणि सायकल ढकलत. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. चढ संपला की पुन्हा टांग मारायची.

आता पुढे ४० आणि मागे ४४ दात घ्या. एका फेऱ्यात दोन मीटर. त्याच वेगाला मिनिटाला ५८ फेरे. मागे ५१ घेतले तर जवळजवळ ६८. गाण्याच्या भाषेत बोलायचे तर गिअर म्हणजे वेग नव्हे, लय. सपाटी असो, चढ असो, पायांची लय फार मोडू न देणे एवढेच त्याचे काम. विलंबित गायला दमसास लागतो तसा कमी फेऱ्यांवर चढ काढायलाही लागतो, आणि तो दमसास वयाबरोबर उतरत जातो. टूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज गिअर बदलणाऱ्या सायकलींना नाके मुरडायचा. असली सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, असे त्याचे मत होते. त्याच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला वाव मिळायला १९३७ साल उजाडले. पंचेचाळिशी मी केव्हाच मागे टाकली आहे, तेव्हा देग्रांजच्या हिशोबानेही मला मोकळीक आहे!

पुढचा वाद एक चकती की दोन. दोन चकत्यांची नेहमीची जोडी म्हणजे पुढे ४८-३१ आणि मागे ११ ते ३४. यात मागच्या पायऱ्या जवळजवळ असतात. २४, २७, ३०, ३४ अशी पेटीच्या पट्ट्यांसारखी बोटे सरकतात, लय तुटत नाही. एका चकतीत मात्र मागे ३२ वरून ३८ आणि ३८ वरून ४४ अशा उड्या असतात. सपाट रस्त्यावर तासन्‌तास एका लयीत चालवणाऱ्याला ही उडी खुपते. पण आपल्याकडे सपाटी टिकते कुठे? दोन वळणे गेली की उतार, खाली पूल, पुलापलीकडे लगेच चढ. अशा ठिकाणी दोन चकत्यांचा माणूस उताराच्या तळाशी पुढची चकती बदलायच्या गडबडीत असतो, आणि तेवढ्यात चढ सुरू होऊन चेन ताणलेली असते. शिवाय लाल चिखल पुढच्या डिरेलरमध्ये हमखास भरतो. म्हणून या दोन तालुक्यांपुरते माझे मत एका चकतीला. साखळीवरून केरीला जाऊन (ही सत्तरीतली केरी, पेडण्यातली नव्हे) चोर्ला घाट चढणाऱ्याने आणि पुढे बेळगावच्या सपाटीला लागणाऱ्याने दोन चकत्यांचा विचार जरूर करावा.

आता विजेवर चालणारे गिअर. ही कल्पना नवी नाही. माविक या फ्रेंच कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'झॅप' नावाची यंत्रणा टूरमध्ये उतरवली होती. पण ओल लागली की ती बिघडे. आपल्या मृगाने तिचे काय केले असते, ते सांगायला नको. २००९ मध्ये शिमानोची 'डीआयटू' आली आणि विजेचा गिअर भरवशाचा झाला. २०१५ मध्ये स्रॅमने वायरही काढून टाकली. ग्रॅव्हलसाठी शिमानोची 'जीआरएक्स' मालिका २०१९ ची, स्रॅमची 'एक्सपीएलआर' २०२१ ची. २०२३ पासून स्रॅमच्या 'एपेक्स' या खालच्या पायरीवरही बिनवायरचा गिअर मिळू लागला. त्याची ११ ते ४४ ची कॅसेट साध्या, जुन्या पद्धतीच्या हबवर बसते, ही मोठी सोय.

काम कसे चालते? हँडलवर कळ दाबली की बिनतारी संदेश जातो, डिरेलरमधली छोटी मोटर ठरलेले अंतर सरकते आणि चेन दुसऱ्या दातांवर चढते. स्रॅममध्ये डिरेलरची बॅटरी सुटी काढता येते. ती साधारण साठ तास चालते असे कंपनी सांगते, आणि तासाभरात भरते. हँडलच्या कळीत नाण्याएवढा सेल असतो. तो मनगटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो.

तारेच्या गिअरचा गोव्यातला शत्रू म्हणजे हवा. खारी, दमट. त्यात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तारेच्या नळीत पाणी शिरते, मागोमाग बारीक लाल माती, मग गंज. चतुर्थीपर्यंत तार जड होते. कळ जोराने रेटावी लागते आणि तरी चेन दोन चकत्यांच्या मधेच कुरकुरत राहते. विजेच्या गिअरला तारच नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. पहिल्या दिवशी जितका हलका, तितकाच पाचशेव्या दिवशी.

तरीही मी बरेच महिने अडून बसलो होतो. कारण किमतीचे होतेच. त्या दोन-तीन डब्यांच्या पैशांत जुनी स्कूटर येते! पण खरे कारण डिचोलीच्या बाजारातला आमचा सायकलमेस्त. तार तुटली, स्पोक गेला, बेअरिंगची गोळी फुटली, तरी त्याच्याकडे उपाय असतो. त्याला मी विजेच्या गिअरचे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "बाब, सायकलीक बॅटरी घातली, मागीर पेडलां कित्याक मारपाचीं?" थट्टेचा भाग सोडा. पण ज्या वस्तूला आपल्या गावातला कारागीर हात लावू शकत नाही, ती वस्तू आपली म्हणायची का? मोटर बंद पडली तर डबा उघडायचा नाही, बदलायचा. एकेक वस्तू अशी बंद डब्यात गेली की पेठेतले एकेक दुकान बंद होते, हे रेडिओवाले आणि घड्याळवाले यांच्या बाबतीत आपण पाहिलेच आहे.

दुसऱ्या पारड्यात होता माझा अंगठा. अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज. डॉक्टरांनी सायकल बंद करा असे म्हटले नाही, पण जोर लावायची कामे टाळा म्हटले. सड्यावरच्या खडबडीत चढावर हँडल घट्ट धरून जड कळ रेटायची, हे नेमके तेच काम. तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न तारेचा की विजेचा असा राहिलाच नव्हता. विजेचा गिअर की सायकल घरी ठेवायची, असा होता.

मी विजेचा घेतला. पुढे ३८, मागे ११ ते ४४. चढावर एका फेऱ्यात १.९ मीटर, मिनिटाला एकसष्ट-बासष्ट फेरे. उतारावर ९० फेऱ्यांना ताशी ४१ किलोमीटर मिळतात, आणि आपल्या वळणांवर त्याहून जास्त वेग असू नयेच.

मेस्ताने सायकल स्टँडवर चढवली, कळ दाबून पाहिली, मोटरचा 'झीं' असा आवाज ऐकला आणि मग डिरेलर सोडून मागून तिरक्या डोळ्याने पाहू लागला. "हँगर वांकडो आसा," म्हणाला. हँगर म्हणजे डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. प्रवासात तो किंचित वाकला होता. मोटर कितीही नेमकी सरकली, तरी ती ज्याला टांगली आहे तेच वाकडे असेल तर चेन चुकीच्याच दातांवर जाणार. तो तुकडा त्याने हातानेच सरळ केला. चेन धुणे, ती किती झिजली ते मोजणे, चाकाचा डग काढणे, टायरात रबरी दूध भरणे, सगळे आजही त्याच्याकडेच आहे. बारीक जुळवणी कळीवरून कशी करायची ते मी त्याला दाखवले. दुसऱ्या वेळी त्यानेच माझ्या हातून सायकल काढून घेतली!

कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो. दात ठरवताना आपल्या घरामागचा सर्वांत उभा चढ डोळ्यांपुढे आणा. एका फेऱ्यात दोन मीटरपेक्षा जास्त जाणारा सर्वांत हलका गिअर आपल्याकडे घेऊ नका. हात धडधाकट असतील तर तारेचा गिअर घ्या. शिमानोचा १० ते ५१ चा किंवा मायक्रोशिफ्टचा ११ ते ४८ चा, दोन्ही आपल्या चढांना पुरतात. दर पावसाळ्यानंतर तार आणि नळी बदला, खर्च किरकोळ आहे. हात कुरकुरत असतील तर विजेचा घ्यायला संकोच नको. फक्त एक जादा सेल आणि एक जादा हँगर पिशवीत असू द्या. फ्रेमला २०१९ पासून आलेला 'युनिव्हर्सल' हँगर असेल तर तो जादा तुकडा मिळवणे सोपे जाते.

आणि काहीही घेतले, तरी ते आधी आपल्या मेस्ताला दाखवा. त्याला ते कळले नाही तरी हरकत नाही, तो शिकेल. पण त्याला विचारलेच नाही, तर त्याला शिकायला मिळणार कुठून?