ओढा आणि माझी सही

मी बेळगावचा, बँकेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. बी.कॉम. माणसानं किड्यांवर काय लिहायचं, असं म्हणाल. पण लिहिल्याशिवाय राहवेना.

डिसेंबरात नात आली होती. ती प्राणिशास्त्र शिकते. तिला घेऊन कणकुंबीला गेलो. मलप्रभेचा उगम तिथला. जवळच्या एका ओढ्यात ती उतरली आणि दगड उलटे करून बघायला लागली.

"काय शोधूलालीस गं?"

"आजोबा, मेफ्लायची पिल्लं. बघा तरी!"

दगडाच्या पोटाला नखाएवढा चपटा किडा चिकटलेला, मागे धाग्यासारख्या तीन शेपट्या. मग तिनं समजावलं. हे पिल्लू कित्येक महिने पाण्यात राहतं, पोटाच्या बाजूच्या कल्ल्यांनी श्वास घेतं. पंख फुटले की आयुष्य काही तासांचं, फार तर एक-दोन दिवसांचं. तेव्हा ते खातही नाही. आणि पंख आल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक हाच एक.

मला एकदम लहानपणचा कंदील आठवला. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ओढ्याकाठी घर. संध्याकाळी ही पाखरं कंदिलाभोवती यायची. पंख झडतात ती वाळवीची. ही पंख पाठीवर उभे मिटून बसायची. आई म्हणायची, "मारू नको रे, एका रातीची पाहुणी आहेत."

जगात यांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत म्हणे. एकाच ओढ्यात प्रत्येकाची जागा वेगळी. हेप्टाजेनिडी कुळातले चपटे, धारेतल्या दगडाला चिकटणारे. बेटिडीतले निमुळते, माशासारखे पोहणारे. केनिडीतले बारके, गाळात राहणारे. त्यांच्या कल्ल्यांवर झाकण असतं, म्हणून गाळ त्यांना फारसा बाधत नाही. कणकुंबीला तासाभरात आम्हाला तिन्ही सापडले.

परतताना मी हट्टानं गाडी आमच्या गावाकडे वळवली. घरामागच्या त्याच ओढ्यात ती उतरली. अर्धा तास शोधलं. फक्त ते गाळातले बारके मिळाले. दगड उरलेच नव्हते, नुसते खड्डे आणि चिखल.

आता खरी गोष्ट सांगतो. 1987 साली मी त्या भागातल्या शाखेत होतो. गावातल्या एकाला शेतीसाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीचं कर्ज मी मंजूर केलं. कागद चोख, तारण पक्कं. सहा महिन्यांत ट्रॉली वाळू ओढायला लागली. मला दिसत होतं. हप्ते वेळेवर येत होते, म्हणून मी काही बोललो नाही. कर्ज मुदतीआधी फिटलं आणि वरून माझं कौतुक झालं.

सगळा दोष त्या एका ट्रॉलीचा नाही. मागून आणखी आल्या, साबण आला, उसाचं खत आलं. पण पहिल्या कागदावर सही माझी आहे.

नातीला सांगितलं. ती काही बोलली नाही. हातातला दगड तिनं होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवला. म्हणाली, "आजोबा, वरच्या अंगाला ओढा अजून चांगला असेल तर ही परत येतात. पण खाली दगड हवेत."

गावच्या पंचांना मी परवा भेटून आलो. वरच्या अंगाची वाळू तरी राहू द्या म्हटलं. बघू काय करतात ते.

तुमच्या गावच्या ओढ्याकाठी दिव्यावर अजून ही पाखरं येतात का? जरूर कळवा.