पीढीची केवायसी



मागे एकदा मी गोंदिया-बालाघाट छोट्या गाडीच्या आठवणी लिहिल्या होत्या, त्या तुम्ही आवडीने वाचल्या. आज थोडा वेगळा विषय आहे. जुन्या बाजारात मिळणारं पंजाबी लग्नाचं फर्निचर मूळचं कुठलं, कोणाच्या घरचं, हे कसं ओळखायचं? तुम्ही म्हणाल, बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध आला तो असा.

आमच्या वारासिवनीत माझे एक पंजाबी मित्र आहेत. कापडाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. ते स्वतः फाळणीनंतर इथेच जन्मले, पण त्यांची आई लायलपूर जिल्ह्यातली, म्हणजे आताचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. १९४७ मध्ये घर जसंच्या तसं टाकून आलेली माणसं. आई शेवटपर्यंत आपल्या लग्नाच्या पीढीची आठवण काढायची. पीढी म्हणजे बुटकी, पाठ असलेली रंगीत खुर्ची. आपल्याकडे हळदीला मुलीला पाटावर बसवतात, तसं पंजाबी घरात पीढीवर बसवतात. पंजाबीत पीढी म्हणजे ही बैठक आणि पीढी म्हणजे आपली वंशातली पिढी, दोन्हीला एकच शब्द. आपलं 'पिढं' त्याच घरातलं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या नातीचं लग्न ठरलं आणि गोंदियाच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना अशी पीढी दिसली. दुकानदाराने अठ्ठावीस हजार सांगितले. "लाहोरची आहे, पार्टीशनमध्ये डोक्यावरून आणलेली." मित्राचा मला फोन आला. "साहब, माँ की पीढी बिलकुल ऐसी ही थी. आप एक बार देख लो." नोकरीत लाकूड व्यापाऱ्यांच्या गोदामांची तपासणी मी खूप वर्षं केली, म्हणून त्यांचा माझ्यावर भरवसा. आवाजावरून कळत होतं, ही आईचीच निघावी असं त्यांना मनातून वाटत होतं. मला त्याचीच काळजी वाटली.

आता मंडळी, बघायचं काय ते सांगतो.

पहिली गोष्ट, रंग. खरं काम लाखेचं असतं. लाकूड खरादावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतात, घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. लाख आपल्याला काही नवीन नाही, आपल्याच जंगलात पळसावर आणि कुसुमावर ती होते. तपासायचं तर कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावायचं आणि खालच्या, न दिसणाऱ्या जागी हलकेच घासायचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, रंग कापसाला लागतो. ऑइल पेंट असा सहज सुटत नाही. इथे कापूस लाल झाला.

पण लाखेचं काम म्हणजे पंजाबच, असं नाही. गुजरातमधल्या संखेड्याचे झोपाळे-खुर्च्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या सागाच्या असतात आणि त्यांच्यावर ब्रशने काढलेली चकचकीत सोनेरी नक्षी असते. सिंधमधल्या हाला गावचं कामही नावाजलेलं. तिथे एकावर एक वेगवेगळ्या रंगांची लाख चढवतात आणि वरचा थर खरवडून खालचा रंग काढतात. पंजाबात पाकपट्टणलाही लाखकाम चालायचं. आपल्याकडे सिंधी आणि पंजाबी दोन्ही कुटुंबं आहेत, त्यामुळे दुकानदार सगळ्यालाच 'पंजाबी' म्हणून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट, लाकूड. पंजाबातलं घरगुती काम बहुतेक शिसवीचं, त्याला ते टाहली म्हणतात. वजनाला भारी, गडद तपकिरी, त्यात काळसर रेषा. साग सोनेरी, हाताला तेलकट, आणि त्याचा वास आपल्या भागात सगळे ओळखतात. पीढी उलटी केली तर पाय आणि पाठ शिसवीची, पण बसायच्या चौकटीच्या चारही पट्ट्या सागाच्या! वीण सुताची हवी, तर तिथे नायलॉनची नवार. सुतार जोडणीच्या जागी एक, दोन, तीन अशा खुणा करतात, म्हणजे कुठला पाय कुठे बसवायचा ते कळतं. पायांवर त्या खुणा होत्या, पट्ट्यांवर नव्हत्या. म्हणजे चौकट मागाहून बदललेली, आणि तीही आपल्या मुलखात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, लिखाण. पाठीच्या मागच्या बाजूला पॉलिशखाली काहीतरी कोरलेलं दिसत होतं. अक्षरं उर्दू. दुकानदार लगेच म्हणाला, "मग मुसलमानाच्या घरची असेल." हा अंदाज फार लोक करतात, पण तो टिकत नाही. इंग्रजांच्या काळात पंजाबातल्या शाळा-कचेऱ्यांत उर्दू चालायची. हिंदू असो की शीख, शिकलेला पुरुष हिशोब आणि पत्रं उर्दूतच लिहायचा.

मी फोटो काढून बालाघाटच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना पाठवला. त्यांनी संध्याकाळपर्यंत वाचून दिलं. मुलीचं नाव, ते शीख घरातलं. त्यापुढे चक नंबर आणि त्यापुढे दोन अक्षरं. शेवटी संवत १९९७. उर्दू आकड्यात सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच उलटा, म्हणून मी त्यांना आकडा पुन्हा विचारून घेतला. विक्रम संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन १९४०-४१.

ती दोन अक्षरं म्हणजे आपल्या बँकेच्या ब्रँच कोडसारखी होती. लोअर चिनाब कालवा १८९२ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पाण्यावर लायलपूरची वसाहत उभी राहिली. नवीन गावांना नावाऐवजी नंबर दिले, 'चक' अमुक. पुढे कालव्याच्या शाखेची अक्षरं: रख ब्रँच, झंग ब्रँच किंवा गोगेरा ब्रँच. नंबर आणि शाखा कळली की गाव नक्की.

मित्राकडे आईच्या गावाचा नंबर होता. जिल्हा तोच, पण चक वेगळा, शाखाही वेगळी. नावही आईचं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून त्यांच्या घरी गेलो आणि समोर बसून सांगितलं. बराच वेळ ते कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "ज्यांची आहे, त्यांना माहीत तरी आहे का?"

दुकानदाराला आम्ही पुन्हा गाठलं. आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं की गोंदियातलं एक घर रिकामं होत होतं, तिथून सगळं सामान उक्तं उचललं. त्या घरचे नातू भेटले, साठीचे गृहस्थ. त्यांची आजी फाळणीत आलेली नव्हतीच. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत गोंदियाला नोकरीला होते. लग्न गावाकडे झालं आणि आजी सामान बुक करून सरळ गोंदियाला संसाराला आली. डोक्यावरून आणल्याची गोष्ट दुकानातच तयार झालेली. एका पावसाळ्यात वाळवीने चौकट खाल्ली, म्हणून इथल्या मिस्त्रीकडून सागाची बसवली, हे त्यांना लहानपणचं आठवत होतं. पाठीमागचं लिखाण मात्र घरात कोणाला वाचता येत नव्हतं. आजीचं नाव आम्ही मोठ्याने वाचलं तेव्हा त्यांनी आत जाऊन बायकोला बोलावून आणलं, आणि आम्हाला परत वाचायला सांगितलं.

आजीचं माहेर फाळणीत तुटलं, असं त्यांची बहीण फोनवर सांगत होती. आजीच्या लग्नाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. त्यानंतर आजीच्या माहेरचं म्हणून घरात जे उरलं, ते ही पीढीच. बहिणीने हट्ट धरला आणि त्यांनी ती पंधरा हजार देऊन दुकानातून परत घेतली. माझ्या मित्राने घासाघीस करायला मदत केली.

नातीसाठी मित्राने पंजाबातल्या नातेवाइकांकडून नवी पीढी करवून घेतली. तिच्या पाठीमागे गुरुमुखीत आणि नागरीत दोन ओळी कोरल्या आहेत. वरच्या ओळीत त्यांच्या आईचं नाव आणि चक नंबर, खालच्या ओळीत नातीचं नाव, वारासिवनी आणि साल.

मंडळी, तुमच्या घरी आजीचा पाट, देव्हारा, पितळी डबा, पेटी असेलच. कोणाचं, कुठून आलं, कोणत्या साली, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर एका कागदावर लिहा आणि वस्तूच्या खाली चिकटवा. खाली सही आणि तारीखही टाका. बँकेची सवय आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.