नाव आधी लागू दे

वडील गेले तेव्हा दहाव्याला भावकीतले एक काका म्हणाले, "वारसनोंद घालून घ्या, तिची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते." माझी नोकरी शाळेत, शेती सुट्टीपुरती पाहिलेली. वारसनोंद कुठे घालतात, कोण घालतं, तिला काय लागतं, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

कागद गोळा झाले: मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ अ, सगळ्यांची आधार कार्डं, वारसांचं प्रतिज्ञापत्र. चावडीत मात्र पहिला प्रश्न वेगळाच आला. "ताई, तुम्ही बहिणी सोडूनच देणार ना? मग नावं लावा, पुन्हा कमी करा, एवढा खटाटोप कशाला? आईचं नि भावाचं घालू." बोलणाऱ्याच्या स्वरात दुष्टावा नव्हता, रोजची रीत होती. दादा माझ्याकडे बघायला लागला. मला हो म्हणावं की नाही तेच कळेना. "विचारून सांगते" म्हणाले आणि बाहेर आले.

आमच्या आळीत एक निवृत्त भाऊसाहेब राहतात. गावात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सातबारा ओट्यावर पसरला. वडिलांच्या नावापुढे छोट्या वर्तुळात फेरफाराचा क्रमांक होता. वरती कंसात आजोबांचं नाव. कंस म्हणजे ते नाव कमी झालं. मग त्यांचं बोट उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यावर गेलं. तिथे सोसायटीच्या बोजाच्या खाली माझ्या आत्याचं नाव होतं. मुलगा भोगवटादार आणि मुलगी इतर हक्कात, कर्जाच्या शेजारी. जुन्या सातबाऱ्यांवर हे सर्रास दिसतं म्हणे. आत्या वारस होती, आजोबांच्या हिश्शातला तिचा वारसा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मानलेला होता. तरी सगळं गाव तिला आयुष्यभर 'माहेरी येणारी' एवढंच समजत आलं. ते नाव मी कितीतरी वेळ बघत राहिले.

भाऊसाहेबांनी मग मला दोन गोष्टी वेगळ्या करून दिल्या. वारसनोंद हा एक विषय, हक्क सोडणं हा दुसरा. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याच्या हिश्शात विधवा, मुलगे, मुली, आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे सारखे वारस. वारसनोंदीत यांतलं कुणालाही गाळता येत नाही. प्रतिज्ञापत्रात मुलींची नावं न लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. हक्क सोडायचाच असेल, तर त्यासाठी हक्कसोडपत्र करावं लागतं, तेही दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. चावडीत तोंडी 'मला नको' म्हटल्याने किंवा कोऱ्या कागदावर सही केल्याने हक्क सुटत नाही. आणि एकदा दस्त नोंदवला की तो सहजासहजी मागे घेता येत नाही.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, हेही मला तिथेच नीट कळलं. महाराष्ट्राने ही दुरुस्ती 1994 मध्ये केली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभरचा बदल 9 सप्टेंबर 2005 पासून आला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. माझं लग्न कधी झालं याचा आता संबंधच उरत नाही.

दुसऱ्यांदा गेले ती सगळ्या वारसांची नावं लिहिलेला अर्ज घेऊन. अर्जाची लेखी पोच मागितली. ती देणं जमीन महसूल संहितेच्या कलम 149 नुसार बंधनकारक आहे, हे आता माहीत होतं, पोच मिळाली. पुढचा रस्ता ठरलेला: आधी वारस नोंदवहीत नोंद, मंडळ अधिकाऱ्यांची, म्हणजे गावच्या बोलीत सर्कलची, चौकशी, मग फेरफार. त्याची नोटीस सगळ्यांना येते, हरकतीला 15 दिवस असतात, हरकत नसेल तर सर्कल नोंद प्रमाणित करतात. निर्णय पटला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील असतं. आणि फेरफार म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे. मालकीचा वाद झालाच तर तो दिवाणी न्यायालयात.

नोटीस घरी आली तेव्हा आईने ती माझ्याकडून वाचून घेतली. तिचं नाव पहिलं होतं. तिने विचारलं, "म्हणजे आता माझ्याशिवाय हे विकता येणार नाही?" तिचा हिस्सा तिच्या सहीशिवाय कुणाला विकता येणार नाही, असं सांगितल्यावर तिने नोटीस कपाटात ठेवायला मागितली. माझ्या मते या सगळ्या धावपळीतलं मोलाचं काम तेच झालं. सगळं बोलणं बहिणींच्या नावांवरच झालं, पण आईचं नाव भोगवटादारात दादाच्या बरोबरीने लागणं म्हणजे काय, हे कुणी आधी बोललंच नव्हतं.

फेरफार प्रमाणित झाला. धाकट्या बहिणीला तिचा वाटा दादाला द्यायचा आहे. तो तिचा निर्णय, ती दस्त वाचून, समजून सही करेल. माझं अजून ठरलेलं नाही, आणि मी दादाला तसं स्पष्ट सांगितलं आहे. आत्याच्या हिश्शाचं काय करायचं हे मात्र तिला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, यावर आमचं तिघांचं एकमत आहे. दिवाळीत ती आली की तो सातबारा तिच्यासमोर ठेवणार आहोत.