बाबांचा पेचकस

भोपाळच्या पिपलानीत वाढलेल्या मुलाला भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी! घर कंपनीचे, भिंत कंपनीची. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि पुढे कामगारांसाठी पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती उभ्या राहिल्या. बाबा त्याच कारखान्यात, म्हणजे आजच्या ‘भेल’मध्ये, फिटर होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी जवळच लहानसे घर घेतले. मी तोवर नोकरीनिमित्त इकडे सीमाभागात आलो होतो.

गेल्या मे महिन्यात धाकट्याचे लग्न ठरले. समोरची मोठी खोली मधोमध विभागायची आणि तीही आपल्या हातांनी, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले. विटांचा, वाळूचा पसारा नको म्हणून जिप्समच्या पाट्या आणल्या. सहा बाय चारची, अर्धा इंच जाडीची पाटी. दोन कागदांमध्ये जिप्समचा गर. ओला गिलावा लागत नाही म्हणून हिला ‘ड्रायवॉल’ म्हणतात. गंमत अशी, की जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणीच बांधलेले असते!

बाबा एवढेच म्हणाले, “भावाभावांनी घरात भिंत घालू नये.” आणि पाठ फिरवून बसले. अमरावतीकडच्या आमच्या गावी काकांनी आणि त्यांनी वाड्यात भिंत घातली, ती आजही उभी आहे. ते दोघे पुन्हा एका पंगतीला बसले नाहीत.

आम्ही काम सुरू केले. हत्यारे थोडीच : टेप, ओळंबा, कटर, पत्रा कापायची कात्री, ड्रिल, लांबी भरायचा पत्रा आणि पॉलिश पेपर. पाटी कापायला करवत लागत नाही. पुढच्या कागदावर कटरने रेघ ओढायची, पाटी मागे वाकवायची, कट्‌कन मोडते. मग मागचा कागद कापायचा. हे आम्हांला दुसऱ्याच पाटीला साधले. बिघडले ते स्क्रूपाशी. पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवर पाटी धरून धाकट्याने ड्रिल दाबले, की स्क्रूचे डोके कागद फाडून थेट गरात! दहातले सात वाया. हलवताच पाटी डुगडुगली.

आवाजावरूनच बाबांना कळले असावे. ते उठले, फाटक्या कागदावरून बोट फिरवले आणि ट्रंकेतून आपला जुना लाकडी मुठीचा पेचकस काढला. “पाटीला कागदच धरतो. डोके कागदाच्या किंचित आत जावे, कागद तुटू नये. ड्रिलने निम्मा घाल, उरलेला हाताने.” फिटरचा हात तो! फुटाफुटावर एक स्क्रू, एकही कागद फाटला नाही. सांध्यांवर पट्टी चिकटवून त्यांनी लांबीचे तीन हात आमच्याकडून दिवसाआड भरून घेतले, प्रत्येक हात आधीच्याहून रुंद. घासताना तिघेही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे.

शेवटच्या दिवशी मी विचारले, “बाबा, आता राग गेला ना?”

“ही कुठे भिंत आहे?” ते म्हणाले. “स्क्रू काढले की उतरते.”

पेचकस मात्र त्यांनी ट्रंकेत परत ठेवला नाही. उशाशी खिळा ठोकून अडकवला आहे.