ठाणे-कल्याण लोकल आणि चिमुकला कॉम्प्युटर

बालमित्रांनो, ठाण्याहून कल्याणला जाताना धीमी लोकल मध्ये किती स्टेशने घेते, सांगा पाहू! कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली आणि ठाकुर्ली. झाली की नाही बरोब्बर सहा? रोज लाखो माणसे या रुळांवरून ये-जा करतात. आज आपणही याच मार्गाने जाणार आहोत. पण ही सहल जरा वेगळी आहे. आपल्याला एका छोट्या कॉम्प्युटरचे भाग गोळा करायचे आहेत. मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठाण्यातून, पेटी म्हणजेच कॅबिनेट कल्याणहून आणि जोडणी डोंबिवलीत!

त्याचे झाले असे. डोंबिवलीला राहणारी माझी भाची यंदा अकरावीत गेली. तिला हवा होता स्वतःचा कॉम्प्युटर, आणि तोही स्वतः जोडलेला. दोन वर्षांच्या ओवाळण्या, वाढदिवसाची पाकिटे आणि तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या भिशीचे पैसे अशी पुंजी जमली. पण घर दोन खोल्यांचे. मोठा टॉवर ठेवणार कुठे? बहीण म्हणाली, "पुस्तकांच्या मांडणीतला खालचा खण रिकामा करून देते. त्यात मावेल तेवढाच आणायचा!" सातवीतल्या धाकट्याने लगेच शिवणाचा टेप आणला आणि खण मोजला. रुंदी ३२, उंची २८, खोली ३५ सेंटिमीटर. मांडणीला मागे फळी नव्हती, हे बरेच झाले. कॉम्प्युटरला जागेइतकीच हवाही लागते.

मग काय, आम्ही ठाण्याची लोकल पकडली.

ठाणे हे काही साधेसुधे स्टेशन नाही, बरं का! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढायला तीन इंजिने. दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली रूळ खाडी ओलांडून कल्याणलाही पोहोचले. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्या पहिल्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर होते १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. आजच्या लोकलच्या रुळांमधले अंतरही तेवढेच आहे! इंजिने बदलली, वाफ जाऊन वीज आली, डबे बदलले. पण माप बदलले नाही. हे माप आपल्याला पुढे कल्याणला उपयोगी पडणार आहे.

स्टेशनातून बाहेर पडून आम्ही तलावपाळीच्या दिशेने निघालो. मासुंदा तलाव आणि त्याच्या काठचे गडकरी रंगायतन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पण आज आम्हाला नौकाविहार करायचा नव्हता. एका लहानशा दुकानात शिरून भाचीने यादी पुढे केली. दुकानदाराने एक चपटा खोका उघडला. आत मदरबोर्ड! किती मोठा असेल? फक्त १७ सेंटिमीटर लांब आणि १७ सेंटिमीटर रुंद. तुमच्या वहीच्या पानापेक्षाही आखूड! या मापाला मिनी-आयटीएक्स म्हणतात. हे माप २००१ साली निघाले. त्याच्या आधी, १९९५ साली आलेल्या एटीएक्स जातीचा मदरबोर्ड ३०.५ सेंटिमीटर लांब आणि २४.४ सेंटिमीटर रुंद असे. तो आमच्या खणात मावला असता का? तुम्हीच टेप लावून बघा.

मग आला प्रोसेसर. कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरासा मोठा, चार सेंटिमीटरचा चौकोन. एएम-४ या जातीचा. त्याच्या पोटाला केसासारख्या बारीक १३३१ पिना होत्या. "ताई, जपून हं," दुकानदार भाचीला म्हणाला, "एक पीन वाकली तरी काम बिघडतं. आणि वाकलेली पीन दिसली की कुणी परत घेत नाही." भाचीने मान हलवली, पण तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन वर्षांच्या ओवाळण्या त्या चौकोनात होत्या ना!

गंमत पाहा. मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी बनवलेला टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्यांची लोखंडी चौकट १८ फूट लांब, ८ फूट उंच होती. आपल्या डोंबिवलीतल्या खोलीत ती शिरलीच नसती! आणि आज त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी वेगवान प्रोसेसर माझी भाची मांडीवरच्या पिशवीत घेऊन बसली होती.

दुपारची लोकल, त्यामुळे बसायला जागा मिळाली. खाडीचा पूल गेला, कळवा गेले आणि मुंब्र्याला एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी दिसू लागली. याच डोंगराच्या पोटातून जाणारा पारसिकचा बोगदा १९१६ साली सुरू झाला. मग आले दिवा. इथे वसईकडून आणि पनवेलकडून येणारे रूळ भेटतात. कोपरला तर एक फलाट खाली आणि एक वर! धाकट्याने खिडकीतून बघत विचारले, "मामा, मदरबोर्डवर पण असेच रूळ असतात ना?" शाबास! मदरबोर्डवर ज्या बारीक रेघा दिसतात, ते तांब्याचे रूळच. त्यांच्यावरून विजेचे संदेश प्रोसेसरकडून मेमरीकडे आणि मेमरीकडून प्रोसेसरकडे धावतात. कोपरसारखे एकावर एक मजलेही असतात. ते पाटीच्या पोटात दडलेले असतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

ठाकुर्लीला चोळे गावाजवळ एके काळी रेल्वेचे स्वतःचे वीजघर होते. लोकलला लागणारी वीज तिथे तयार होई. ते बंद होऊन आता पुष्कळ वर्षे झाली. कॉम्प्युटरच्या पेटीतही असे एक वीजघर असते, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो बारा, पाच आणि सव्वातीन व्होल्टच्या आसपासची सौम्य वीज करून देतो. आम्ही तोही ठाण्याहून लहान मापाचा, एसएफएक्स जातीचा घेतला होता. एक ताकीद आत्ताच देऊन ठेवतो. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते.

आणि आले कल्याण जंक्शन! इथून एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कल्याण हे फार जुने बंदर. १६५७ साली शिवाजी महाराजांनी ते घेतले आणि खाडीकाठच्या दुर्गाडीपाशी मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. याच दुर्गाडीच्या बाजूला आमचे एक काका राहतात. त्यांच्या माळ्यावर एक लहानशी पेटी कित्येक वर्षे पडून होती. काकांनी ती खाली काढली, रंगाच्या ब्रशने धूळ झटकली आणि विचारले, "अगं, पण ही जुनी पेटी तुझ्या नव्या बोर्डाला चालणार कशी?"

भाचीने मदरबोर्ड पिशवीतून न काढताच उत्तर दिले. "चालेल, काका. चार भोकं तीच आहेत!"

आता आठवा ते रुळांचे माप. मिनी-आयटीएक्सच्या चार कोपऱ्यांतली चार भोके २००१ सालापासून त्याच जागी आहेत. बोर्डावरचे सगळे बदलले तरी भोके हलली नाहीत. म्हणून जुन्या पेटीत नवा बोर्ड बसतो, जशी १८५३ च्या मापाच्या रुळांवर आजची लोकल धावते. सगळ्यांनी मिळून एक माप पाळले, की जुने फेकून द्यावे लागत नाही. मात्र काकांनी एक गोष्ट मोजून दाखवली. पेटीत प्रोसेसरच्या वर फक्त साडेसहा सेंटिमीटर उंची मोकळी होती. आमचा कूलर साडेपाचाचा. मावणार!

पेटी घेऊन आम्ही डोंबिवलीला आलो. बहीण नुकतीच ठाण्याच्या ऑफिसातून परतली होती. जेवणाचे टेबल पुसून कोरडे केले आणि काम सुरू झाले.

आपल्या अंगावर कधी कधी स्थिर वीज साठते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच. तिच्या एका ठिणगीने नाजूक भाग खराब होऊ शकतो. म्हणून पॉवर सप्लाय तीन पिनांच्या प्लगाला जोडला, भिंतीवरचे बटण बंदच ठेवले आणि भाचीने त्याच्या पत्र्याला हात लावला. साठलेली वीज अर्थिंगमधून जमिनीत गेली. मग प्लग काढून टाकला.

नवे कपाट जिन्यातून वर न्यायचे, तर त्याच्या फळ्या सुट्या नेतात आणि घरात जोडतात. इथे मात्र उलटे! लहान पेटीत हात शिरत नाही, म्हणून होईल तितकी जोडणी बाहेर करायची. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. सॉकेटची दांडी वर उचलली. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच एक त्रिकोण सॉकेटवर असतो. त्रिकोणावर त्रिकोण जुळवून भाचीने प्रोसेसर अलगद सोडला. दाबला नाही! तो आपल्याच वजनाने बसला पाहिजे. नाही बसला तर उचलून पुन्हा बघायचे. १३३१ पिना एकदम आत गेल्या, दांडी खाली आली आणि आमचा सगळ्यांचा श्वास सुटला.

मग मेमरी आणि एसएसडी लावली. प्रोसेसरच्या पाठीवर मटारच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवली. ती कशाला? आमचा प्रोसेसर ६५ वॅटचा. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बला चुकून हात लागला की कसा चटका बसे, ते आईबाबांना विचारा! तेवढी उष्णता एवढ्याशा चौकोनातून बाहेर काढायची असते. दोन धातू कितीही घट्ट टेकवले तरी मध्ये बारीक फटी राहतात आणि फटींतली हवा उष्णता अडवते. पेस्ट त्या फटी भरते. वर कूलर ठेवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले.

आता बोर्ड पेटीत जाणार, इतक्यात बहीण म्हणाली, "थांबा जरा. त्या कोपऱ्यात वायर जाणार आहे ना? मग आत गेल्यावर बोटं कशी पोहोचणार तिथं?"

आम्ही वाकून पाहिले. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची जागा अगदी कोपऱ्यात होती. बोर्ड बसला, की कूलर आणि पत्रा यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत ती अडकणार! बहिणीला कॉम्प्युटर जोडण्यातले काही ठाऊक नव्हते. पण ती वीस वर्षे डोंबिवली-ठाणे लोकलने जाते आहे. ती म्हणाली, "अरे, ठाण्याला उतरायचं तर दिव्यापासूनच दाराकडे सरकावं लागतं. ठाणं आल्यावर उठलं, तर थेट मुलुंड! जागा कमी असली, की आधी ठरवायचं कोण कधी निघणार."

तिथल्या तिथे क्रम ठरला. आधी मागच्या भोकांची पत्र्याची पट्टी पेटीत बसवायची, कारण नंतर ती बसत नाही. मग आठ पिनांची वायर त्या कोपऱ्यात ओढून ठेवायची. बोर्ड तिरका आत घालून आधी ती वायर जोडायची, मगच बोर्ड चार पितळी खुंट्यांवर टेकवायचा. या खुंट्यांमुळे बोर्डाची पाठ पत्र्याला लागत नाही. लागली तर शॉर्टसर्किट! चारही स्क्रू आधी सैल लावले आणि मग आवळले. शेवटी चोवीस पिनांची मोठी वायर, कूलरच्या पंख्याची वायर आणि पुस्तिकेतला नकाशा पाहून बटणाच्या दोन चिमुकल्या पिना.

बटण दाबले. पंखा फिरला. पडदा मात्र काळाच! धाकट्याने हळूच विचारले, "गेला?" कुणीच बोलेना. मग भाचीने बटण बंद केले, प्लग काढला आणि शेवटच्या पायरीपासून मागे तपासायला सुरुवात केली. पडद्याची वायर ठीक. चोवीस पिना ठीक. आठ पिना ठीक. मेमरी... एका टोकाची कडी मिटलीच नव्हती! तिने अंगठ्याने दाबले. खट्! पुन्हा बटण दाबले. काही सेकंद गेले आणि पडद्यावर प्रोसेसरचे नाव उमटले. तापमान ४१ अंश. बहिणीने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग आमच्या हातावर.

तर दोस्तांनो, तुमच्याही घरात किंवा काकांच्या माळ्यावर एखादी बंद पडलेली पेटी असेल. घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन ती उघडा. तांब्याचे रूळ शोधा, कोपऱ्यांतली भोके मोजा, कुठली वायर आधी गेली असेल आणि कुठली नंतर, ते ओळखा. एवढे ओळखता आले, की निम्मी जोडणी आलीच म्हणून समजा.

पण आधी सांगा, प्लग काढलाय ना?